हवालदार गेले, त्यानंतरचे नऊ महिने

फोन आला तेव्हा रात्रीचे पावणेबारा वाजले होते. पलीकडे थोरला मुलगा. "काका, आबा गेले," एवढं बोलून तो थांबला. मग एका दमात म्हणाला, "मिलिटरीची सलामी मिळवायची तर कुणाला सांगायचं? सकाळी दहाला न्यायचं ठरलंय."

मी फौजेत क्लार्क होतो, सुभेदार म्हणून बाहेर पडलो. तालुक्यातल्या पेन्शनरांचे कागद बघणं हा आता माझा बिनपगारी उद्योग आहे. असे फोन वर्षाला आठ-दहा तरी येतात आणि जवळजवळ प्रत्येकात पहिला प्रश्न सलामीचाच असतो. हे एक प्रकरण घरच्यांच्या संमतीने सविस्तर लिहितो. नाव-गाव सांगत नाही. सांगली जिल्हा, कृष्णाकाठ, एवढं पुरे.

आबांचा जन्म १९४४ चा. १९६३ ला भरती, १९८४ ला हवालदार म्हणून पेन्शन. पलटण पहिली मराठा, म्हणजे १७६८ साली उभी राहिलेली जंगी पलटण. १९७१ च्या डिसेंबरात ते जमालपूरला होते. १० तारखेच्या रात्री वेढ्यातल्या पाकिस्तानी तुकडीने बाहेर पडायचा प्रयत्न केला, तो यांच्याच मोर्चांवर येऊन आदळला. सकाळी जमालपूर पडलं आणि १६ तारखेला पलटण ढाक्यात. आबा ही गोष्ट फार आग्रह केला तरच सांगायचे, तीसुद्धा चार वाक्यांत. छातीवर लढाईत असल्याची पदकं होती, शौर्यपदक नव्हतं. हा फरक मुलांना त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हता.

मी मुलाला आधी सरळ सांगून टाकलं. पेपरात 'लष्करी इतमामात अंत्यसंस्कार' असं आपण वाचतो, ते बहुतेक सेवेत असताना गेलेल्या जवानाबद्दल असतं. बंदुकीच्या फैरी, शोक शस्त्र (म्हणजे बंदुका उलट्या धरून दिलेली मानवंदना), बिगुलावरची 'लास्ट पोस्ट' हे निवृत्त हवालदाराला आपोआप मिळत नाही. 'शासकीय इतमाम' ही आणखी वेगळी गोष्ट. तो राज्य सरकार ठरवतं आणि त्यात मानवंदना पोलीस देतात. पण हक्क नसला तरी विनंती करता येते, आणि विनंतीला मान देणारे अधिकारी असतात. शौर्यपदक असेल तर उत्तर वेगळं येतं. छावणी जवळ असेल तरीही येतं. विनंती करायची ती जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याकडे आणि जवळच्या लष्करी ठाण्याच्या ड्यूटी ऑफिसरकडे. दोन्हीकडे एकाच वेळी, आणि रात्रीच. सकाळी आठनंतर फोन केला तर दहाच्या मयतीला कोण कसं पोचणार?

ड्यूटी ऑफिसर काय विचारणार ते मला पाठ आहे: नंबर, रँक, नाव, युनिट. मग पदक कुठलं, अंत्यविधी कुठे आणि किती वाजता, गाडी कुठपर्यंत येते. त्यातला नंबर घरात कुणालाच सांगता येईना. मी म्हटलं, ट्रंक उघडा.

फौजी माणसाच्या घरी एक काळी ट्रंक असतेच. ह्यांचीही होती, पण ऑगस्ट २०१९ च्या पुरात ती दोन दिवस पाण्यात बसलेली. डिस्चार्ज बुकाची पानं एकमेकांना चिकटून त्याची वीट झाली होती. पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश, त्याची मूळ प्रत लगदा. शाबूत होती ती फक्त पदकं. मी मुलाला म्हटलं, संग्राम मेडल घे, रिबन धरून आडवं कर आणि कडेवर बॅटरी मार. कडेवर बारीक कोरलेली अक्षरं असतात. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, सगळं त्या धातूवर उमटलेलं. पाच मिनिटांनी त्याने नंबर वाचून दाखवला, तेव्हा त्याचा आवाज पहिल्यांदा भरून आला.

ठाण्यावरचा अधिकारी सभ्य निघाला. म्हणाला, फायरिंग पार्टी देता येणार नाही, पण एक जेसीओ (सुभेदार वगैरे हुद्द्याचा अधिकारी) आणि दोन जवान पुष्पचक्र घेऊन येतील, मात्र दुपारी तीनच्या आत पोचणं शक्य नाही. आता निर्णय घरच्यांचा होता. भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी तीनला साफ नकार दिला. रात्रभर मयत घरात, आणखी दुपारपर्यंत ठेवायची? बायाबापड्या उपाशी आहेत, पाहुणे कामधंदा टाकून आलेत. ठाणे शहरातून येणारी लेक अकराला पोचणार होती, म्हणून बारा वाजता उचलायचं ठरलं. तीनपर्यंत थांबावं असं माझं मत होतं. बर्फ मागवला असता तर जमलं असतं. मी ते एकदा बोललो आणि गप्प बसलो. आपल्या बापाची मयत कधी उचलायची हे बाहेरच्याने दोनदा सांगू नये.

खरा पेच सकाळी नऊला उभा राहिला. मंडळाची पोरं तिरंगा घेऊन आली. 'हर घर तिरंगा'च्या वेळी आणलेला, घडी घालून जपून ठेवलेला. त्यांना तो आबांवर पांघरायचा होता, आणि नको म्हणणारा माणूस त्या क्षणी देशद्रोही वाटावा असं वातावरण. पण कायदा इथे स्पष्ट आहे. राष्ट्रीय सन्मानाच्या अवमानाबद्दलचा १९७१ चा अधिनियम झेंडा कशावरही पांघरायला मनाई करतो. अपवाद फक्त शासकीय अंत्यविधीचा आणि सशस्त्र दलांच्या किंवा निमलष्करी दलांच्या अंत्यविधीचा. घरच्यांनी आपापल्या पातळीवर केलेला अंत्यविधी, भले तो माजी सैनिकाचा असो, त्या अपवादात बसत नाही. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची आहे. जिथे परवानगी असते तिथेही ध्वजसंहितेचे नियम आहेत: केशरी पट्टा डोक्याकडे, आणि झेंडा चितेवर जाळायचा नाही की खड्ड्यात उतरवायचा नाही. पोरांच्या मनात तो चितेवर तसाच ठेवायचा होता.

कायदा सांगून पोरं ऐकणार नाहीत हे मला माहीत होतं. मी एवढंच विचारलं, "आबांनी हा झेंडा खाली ठेवू दिला असता का? जाळू दिला असता का?" त्यांनी तो ग्रामपंचायतीच्या खांबावर नेऊन लावला. आबांच्या छातीवर आम्ही त्यांची पदकं आणि पलटणीची टोपी ठेवली. चिता पेटवण्याआधी ती काढून घेतली. हे आधी ठरवून ठेवावं लागतं. ऐनवेळी हार-गुलालात पदकं हरवल्याचं मी दोनदा पाहिलंय.

आसपासच्या गावांतून सतरा माजी सैनिक आले. कुणी टोपी घालून, कुणी नुसतं कोटावर पदक लावून. एकाने मोबाइलवर 'लास्ट पोस्ट' शोधून स्पीकर लावायची तयारी केली. त्याला सगळ्यात म्हाताऱ्या, नायक हुद्द्याच्या माणसाने हातानेच थांबवलं. दोन रांगा झाल्या. सावधान, सॅल्यूट, दोन मिनिटं शांतता. मग कुणी न सांगता तो नायक ओरडला, "बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की," आणि सोळा म्हाताऱ्यांचा जय नदीच्या पलीकडच्या मळीपर्यंत गेला. सैनिक कल्याण कार्यालयाचे कल्याण संघटक पुष्पचक्र घेऊन आले होते. ते नंतर मला म्हणाले, साहेब, फैरींनी हे झालं नसतं. मला तसं वाटत नाही. फैरी झाडल्या असत्या तर आबांना आवडल्याच असत्या.

तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन आटोपल्यावर मी मुलांना घेऊन बसलो. पहिला प्रश्न धाकट्याने विचारला, "आबांचं सिम बंद करून टाकू का? दर महिन्याला रिचार्ज मारायला लागतो." मी जवळजवळ ओरडलोच. आबांचं पेन्शन २०२२ मध्ये बँकेकडून 'स्पर्श' प्रणालीवर गेलं होतं. सैन्याच्या पेन्शनचा सगळा हिशोब आता तिथून, प्रयागराजच्या प्रधान नियंत्रक, रक्षा लेखा यांच्या कार्यालयामार्फत चालतो. लॉगिनचा ओटीपी त्याच सिमवर येणार. बँकेचे निरोपही त्यावरच. आईच्या नावाने सगळं सुरळीत होईपर्यंत ते सिम जिवंत ठेवायचं. महिन्याच्या रिचार्जवर नऊ महिन्यांचं काम टिकून असतं, हे कुठल्याच फॉर्मवर लिहिलेलं नसतं.

मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत २१ दिवसांच्या आत करायची. ती ह्यांनी चौथ्या दिवशीच केली. दाखल्याच्या दहा प्रती काढून घेतल्या, त्या सगळ्या लागल्या. पण 'स्पर्श'वर मृत्यू कळवायला २० मार्च उजाडला. आबा ११ फेब्रुवारीला गेले होते. मधल्या काळात फेब्रुवारीचं पूर्ण पेन्शन खात्यात पडलं आणि घरच्यांनी ते एटीएममधून काढून मांडव आणि किराण्याची उधारी भागवली. त्यात वाईट हेतू नव्हता. पण १२ तारखेपासूनचे १७ दिवस ते पैसे आबांचे नव्हते. कुटुंब निवृत्तिवेतन मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं, त्यामुळे पुढे आईच्या थकबाकीतून ते वळते झाले. वळते होतात, पण हिशोब अडकतो आणि प्रत्येक टेबलावर खुलासा द्यावा लागतो. एटीएम कार्ड तेराव्यापर्यंत तरी कपाटात ठेवा, असं मी आता पहिल्याच फोनवर सांगतो.

आईला किती मिळणार यावर घरात दोन मतं होती. कुणीतरी सांगितलेलं, "अर्धं." तसं नाही. साधं कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के असतं. पूर्ण पेन्शन पगाराच्या ५० टक्के धरलं तर ते पेन्शनच्या ६० टक्के भरतं. म्हणजे मूळ पेन्शन २०,००० असेल तर १२,०००, वर महागाई सवलत. किमान मर्यादा ९,००० ची आहे. पेन्शनीत असताना गेलेल्याच्या बायकोला सुरुवातीला वाढीव दर मिळतो, पण तो मृत्यूनंतर सात वर्षं किंवा नवरा ६७ वर्षांचा झाला असता ती तारीख, यांतलं जे आधी येईल तिथपर्यंत. आबा अठ्ठ्याहत्तरीचे होते. तो विषयच संपला.

आणि मग नाव.

आबांचं लग्न १९६६ च्या मे महिन्यात झालं, १९६५ च्या लढाईनंतरच्या पहिल्या मोठ्या सुट्टीत. सुट्टीवरून परतल्यावर त्यांनी पलटणीत लग्न कळवलं आणि त्याची पार्ट टू ऑर्डर निघाली. फौजेत बायको, मुलं, जन्म, मृत्यू काहीही घडलं तरी ते ह्या ऑर्डरने नोंदलं जातं. नोंद नाही म्हणजे फौजेच्या लेखी ते घडलंच नाही. ऑर्डर निघाली, पण आबांनी नाव सांगितलं ते माहेरचं. आपल्याकडे लग्नात नवऱ्यामुलीचं नाव तांदळात बोट फिरवून बदलतात. माहेरची शेवंता सासरी इंदूबाई होते, असं समजा. खरी नावं वेगळी आहेत. आबांना नवं नाव तोंडात बसायच्या आतच सुट्टी संपली असणार. बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या रेकॉर्डमध्ये शेवंता. आधार, रेशन कार्ड, मतदार यादी, सातबारा, बँक ह्या सगळीकडे इंदूबाई. आणि सत्तावन्न वर्षांत एकदाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण पेन्शन आबांचं होतं आणि आबांचं नाव बरोबर होतं.

दोष कुणाला द्यायचा? क्लार्कने ऐकलं ते लिहिलं. मीही आयुष्यभर तेच केलं.

इथे घरच्यांनी एक चूक करता करता टाळली. सेतू केंद्रात कुणीतरी सुचवलं की आईचं आधारच शेवंता करून टाका, म्हणजे रेकॉर्डशी जुळेल. तसं केलं असतं तर बँक, पॅन, सातबारा, वारसनोंद असं सगळं उलटं फिरवावं लागलं असतं. नियम सोपा आहे. ज्या नावाने बाई आज जगते आहे ते धरायचं आणि एकट्या रेकॉर्डला तिकडे आणायचं. त्यासाठी दंडाधिकाऱ्यांपुढे आईचं प्रतिज्ञापत्र केलं, की शेवंता आणि इंदूबाई ही एकच व्यक्ती. ग्रामपंचायतीचा दाखला जोडला. माहेरच्या गावचा एक आणि सासरचा एक असे दोन साक्षीदार. आणि एक जुना जॉइंट फोटो, जो पुरात वाचला होता कारण तो ट्रंकेत नव्हता, देव्हाऱ्यामागे होता. हे सगळं जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातून पडताळून, शिक्के मारून बेळगावला गेलं. सोबत डिस्चार्ज बुकाच्या त्या विटेचा फोटो आणि प्रत हरवल्याबद्दलचा अर्ज. आबा पेन्शनर असल्याने रेकॉर्डमध्ये त्यांचे कागद सापडले. पेन्शनशिवाय नाव कापून आलेल्यांचे कागद पंचवीस वर्षांनी नष्ट करतात. मागे राहते ती फक्त लाँग रोलमधली, म्हणजे कायम जपलेल्या यादीतली नोंद, म्हणजे एखाददुसरी ओळ. अशा घरांना मी खोटी आशा दाखवत नाही.

कागदांचा क्रम मात्र आमचा चुकला. आईला पॅन कार्डच नव्हतं. ते आधारवरच्या नावाने निघतं, पण पुढे आधार, पॅन आणि बँक यांतलं नाव अक्षरन् अक्षर एक हवं, आणि बँकेत 'इंदुबाई' ऱ्हस्व होतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये त्यामुळे एक अक्षर इकडचं तिकडे. आधी बँक, मग पॅन, मग 'स्पर्श' असा क्रम हवा होता. आम्ही 'स्पर्श'ला आधी हात घातला आणि अर्ज परत आला. पावसाळ्याचे दोन महिने त्यात गेले. एका बँकेच्या शाखेत तर आईला, पंच्याहत्तरीच्या पुढच्या बाईला, दोनदा जिना चढायला लावला. त्या शाखेचं नाव घेत नाही. दुसऱ्या वेळी थोरल्या मुलाने साहेबालाच खाली आणलं.

नोव्हेंबर २०२३ मध्ये पहिलं कुटुंब निवृत्तिवेतन जमा झालं, फेब्रुवारीपासूनच्या थकबाकीसह. माजी सैनिकाच्या पत्नीचं ओळखपत्र, ईसीएचएसच्या, म्हणजे माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या कार्डावरचा बदल, कॅन्टीनचं कार्ड, घरपट्टीतली सवलत ही कामं त्यानंतर महिन्याभरात उरकली. रेकॉर्डमधलं नाव एकदा सरळ झालं की ही दारं आपोआप उघडतात.

मला वाटलं, फाइल बंद झाली. पण रेकॉर्डहून आलेल्या कागदात एक ओळ होती. लग्नाच्या ऑर्डरमध्ये बायकोचं वय १९ लिहिलेलं. मे १९६६ मध्ये १९, म्हणजे जन्म १९४६-४७ चा. आधारवर मात्र १ जानेवारी १९४९. आधारच्या शिबिरात ज्याला तारीख माहीत नाही तो १ जानेवारीला जन्मतो, जसा शाळेत १ जूनला जन्मतो. (आबांची स्वतःची तारीख १ जून होती, आणि ती खरी नाही हे ते हसत सांगायचे.)

दोन-अडीच वर्षांचा फरक. कुणी म्हणेल, राहू दे. पण कुटुंब निवृत्तिवेतन घेणारी बाई ८० पूर्ण करते, तेव्हा मूळ रकमेवर २० टक्के वाढ मिळते. ८५ ला ती ३० टक्के होते, ९० ला ४०, ९५ ला ५० आणि शंभरीला दुप्पट. १९४६ आणि १९४९ मध्ये सव्वीस महिन्यांच्या वाढीचा फरक पडू शकतो. आईला मधुमेह नाही, रक्तदाब नाही. ती ह्या घरात सगळ्यात ठणठणीत आहे.

शाळेत ती गेलीच नव्हती. मग आम्ही माहेरच्या तालुक्याच्या तहसील कचेरीत, अभिलेख कक्षात गेलो. तिथे जुन्या गावांचा नमुना १४, म्हणजे कोतवाल बुक असतं. गावात कोण जन्मलं, कोण मेलं हे कोतवाल सांगायचा आणि ते त्यात उतरायचं. कुणबी नोंदी शोधायला अलीकडे लोकांची तिथे रीघ लागते. आम्ही शोधत होतो एक मुलगी. १९४६ चं बुक काढलं, नोव्हेंबरचं पान आलं. बापाचं नाव बरोबर, जात-गाव बरोबर, तारीख ६ नोव्हेंबर १९४६. अपत्याच्या रकान्यात एकच शब्द: मुलगी. नाव नाही. शेवंताही नाही, इंदूबाईही नाही.

त्या नकलेला थोरल्या मामांचं प्रतिज्ञापत्र जोडून रेकॉर्डला पाठवलं आहे. आधारवरची तारीख एकदाच बदलता येते, म्हणून तो अर्ज घाई न करता, सगळे दाखले हातात आल्यावर करायचा ठरवलं आहे. नोव्हेंबर २०२६ च्या आत दोन्ही व्हायला हवं.

नक्कल घेऊन आम्ही घरी आलो आणि मुलाने आईला तारीख वाचून दाखवली. ती निवडत असलेल्या गव्हाच्या सुपावरून वर न बघता म्हणाली, "आजी सांगायची की मला. मी झाले तवा ती कार्तिकीला पंढरपुरात हुती." मी पंचांग पाहिलं. त्या वर्षी कार्तिकी एकादशी त्याच आठवड्यात पडते.

मग तिने सूप खाली ठेवलं. "मग त्या आधारवाल्यानं कुनाची तारीख लिवली?"